एक शब्द बदलायला तीन आठवडे?

प्रश्न : ताई, माझा मुलगा पुण्यात एका कंपनीत लिनक्स कर्नलवर काम करतो. दिवाळीला घरी आला तेव्हा जाम थकलेला होता. विचारलं तर म्हणाला, "आई, तीन आठवडे एका बगच्या मागे होतो. परवा सापडला. एक शब्द बदलला." माझे दीर बँकेतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "एका शब्दाला तीन आठवडे? आमच्याकडे असतास तर मेमो हातात पडला असता." सगळे हसले, तोही हसला, पण फराळाला बसला तो गप्पच. त्याचं काम 'परफॉर्मन्स मॉनिटरिंग'चं आहे म्हणतो. म्हणजे लोकांच्या कामावर पाळत ठेवायची का? आणि एका शब्दाचं खरंच एवढं असतं का?
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, पाळत नव्हे, मोजदाद. आणि तीही माणसांची नाही, प्रोसेसरची.

प्रोसेसरच्या आतच काही मीटर बसवलेले असतात. घड्याळाचे किती ठोके पडले, किती सूचना पार पडल्या, हवी ती माहिती जवळच्या कॅशमध्ये, म्हणजे हाताशी ठेवलेल्या छोट्या मेमरीत, न सापडल्यामुळे किती वेळा लांब मेमरीपर्यंत हेलपाटा पडला, असलं ते मोजतात. मीटर थोडे आणि मागणारे फार. म्हणून ते कुणाला, किती वेळ द्यायचे आणि आकडा कुणाच्या खात्यावर मांडायचा, हे कर्नल, म्हणजे सगळ्या यंत्राचा गाडा हाकणारा लिनक्सचा गाभा, ठरवतं. लिनक्समध्ये हे काम ज्या भागाकडे आहे त्याला 'पर्फ' म्हणतात. इंगो मोल्नार आणि थॉमस ग्लाइक्सनर यांनी डिसेंबर २००८ मध्ये तो मांडला आणि सप्टेंबर २००९ च्या २.६.३१ या आवृत्तीत तो आला. तुमचा मुलगा बहुधा याच गल्लीत राबतोय.

आता एका शब्दाचं. तुमच्या दिरांना वाचून दाखवा, बँकेतल्या माणसाला हे लगेच कळेल.

पर्फमध्ये प्रोसेसरच्या मीटरांखेरीज कर्नलचे स्वतःचे काही मोजणी-प्रकार आहेत. पेज फॉल्ट (हवं ते मेमरीचं पान जागेवर न सापडणं) किती झाले, एक काम बाजूला ठेवून दुसरं किती वेळा हाती घेतलं, असे. २०१३ साली हे प्रकार नऊ होते, क्रमांक शून्य ते आठ. कर्नलने त्यासाठी नऊ खण मांडून ठेवलेले. कुणी 'मला दोन नंबरचं मोजून द्या' म्हटलं की त्या खणात एक मिळवायचा, काम संपलं की एक वजा करायचा. खणात शून्य असेल तर कुणाला गरज नाही, मोजायचे कष्ट घेऊ नका. इतकी साधी व्यवस्था.

क्रमांक सांगणारा असतो बाहेरचा प्रोग्रॅम. तो ज्या रकान्यात लिहून देतो तो ६४ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक लिहायची ६४ घरं असलेला. पण खण उघडणाऱ्या फंक्शनने, म्हणजे कोडच्या तुकड्याने, तो उतरवून घेतला 'इंट' नावाच्या रकान्यात, आणि इंट ३२ बिटांचा, शिवाय त्यात उणे आकडाही बसतो. म्हणजे वरचे ३२ बिट गळाले आणि उरलेल्याला चिन्ह चिकटलं. थोडं पुढे पहारेकरी उभा : "नऊ किंवा त्याहून मोठा आहेस का?" "नाही बुवा, मी उणे एक." "मग जा आत."

उणे एक नंबरचा खण कुठे असतो? कुठेच नसतो. नऊ खणांच्या अलीकडे मेमरीत जे काही असेल, त्यात एक मिळवला जायचा.

खरी गंमत पुढे आहे. काम संपल्यावर वजाबाकी करणारं फंक्शन वेगळं होतं, आणि त्यात हाच क्रमांक बरोबर ६४ बिटांच्या रकान्यात घेतलेला होता. त्यामुळे मिळवणी एका जागी आणि वजाबाकी तिथून कोसभर लांब. जमेच्या वहीत रकमेला सहा घरं आणि खर्चाच्या वहीत बारा, असं म्हणा हवं तर. ताळेबंद कधीच जुळायचा नाही.

ही चूक सापडली ती ट्रिनिटी नावाच्या प्रोग्रॅममुळे. तो कर्नलला सतत अद्वातद्वा मागण्या करत राहतो, आणि कुठे कोसळतं ते बघायचं असतं. टॉमी रँटाला यांनी ती पकडली आणि एप्रिल २०१३ मध्ये दुरुस्ती धाडली : 'इंट' काढून 'यू-६४', म्हणजे ६४ बिटांचा आणि उणे आकडा न घेणारा रकाना. एक शब्द! सोबतच्या टिपणात साधं लिहिलेलं की ६४ पैकी सगळे बिट तपासले जात नाहीत, त्यामुळे खणांच्या बाहेर हात जातो. दुरुस्ती स्वीकारली गेली आणि लोक पुढच्या कामाला लागले.

मे महिन्यात कुणीतरी शंभरेक ओळींचा प्रोग्रॅम जगजाहीर केला. यंत्रावरच्या कुठल्याही साध्या वापरकर्त्याने तो चालवला की तो थेट रूट, म्हणजे घरमालक. त्याने काय केलं होतं ते सांगते, कारण ते बघताना मी एकाच वेळी चिडले आणि खूषही झाले. इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायला लावणारी हाक, आला की प्रोसेसरने कुठे उडी मारायची, याचे पत्ते एका तक्त्यात असतात. कर्नलच्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग म्हणजे ३२ च्या ३२ बिट एक. जुन्या मीटरात सगळीकडे ९ आल्यासारखं. त्यात एक मिळवला की? सगळं शून्य. आणि वरचा भाग शून्य असलेला पत्ता कर्नलचा राहत नाही, साध्या प्रोग्रॅमच्या हद्दीतला होतो. पठ्ठ्याने उणे क्रमांक असा निवडला की 'एक मिळवा' ते नेमकं त्या जागी पडेल. मग तो इंटरप्ट स्वतःच मारला आणि प्रोसेसर कर्नलच्या अधिकारात, पण याच्या अंगणात येऊन उभा. कर्नलने आपणहून केलं काय, तर एका आकड्यात एक मिळवला.

ही चूक जानेवारी २०११ च्या २.६.३७ पासून तिथे होती. सव्वादोन वर्षं! कित्येक डोळे त्या ओळीवरून गेले असतील. माझेही गेले होते, मी तो भाग तेव्हा कामासाठी वाचलेला. 'इंट इव्हेंट आयडी' असं लिहिलेलं दिसलं की डोळ्यांना काही खटकतच नाही. नळ दुरुस्त करणाऱ्याला भिंतीतली गळती जशी ओल फुटेपर्यंत दिसत नाही, तसंच.

तुमच्या मुलाचे तीन आठवडे कशात गेले असतील ते मी घरबसल्या सांगू शकते. पहिला आठवडा चूक पुन्हा घडवून आणण्यात. आठ तास यंत्र सुरळीत चालतं आणि तुम्ही चहाला गेलात की अडकतं. मग जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, त्यांच्या मधली, त्या मधल्याच्या मधली असं निम्मं-निम्मं करत कुठल्या बदलापासून बिघडलं ते शोधायचं. त्यानंतर प्रोसेसरची मॅन्युअलं, ती हजारो पानांची असतात. आणि शेवटी, शब्द सापडल्यावर, तो बदलला की आणखी कुठे काही मोडत नाही ना, हे बघण्यात उरलेले दिवस. मेमो कसला देताय!

प्रश्न : मॅडम, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. कर्नलचे संदेश बघताना एक ओळ दिसली : 'पर्फ : इंटरप्ट टुक टू लाँग', पुढे कंसात २५०३ > २५००, आणि मर्यादा ७९७५० वर आणल्याचं लिहिलंय. मी पर्फ कधी चालवलेलंच नाही. दुरुस्तीच्या दुकानात दाखवलं तर ते म्हणाले मदरबोर्ड गेलाय.
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : मदरबोर्डला हात लावू देऊ नकोस. तुला 'तू' म्हणते, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

हे आकडे आभाळातून पडलेले नाहीत. कागद-पेन घे. पर्फ सेकंदाला जास्तीत जास्त १,००,००० नमुने घेईल अशी मुळातली मर्यादा आहे. म्हणजे एका नमुन्याच्या वाट्याला १०,००० नॅनोसेकंद. त्यातला फार तर २५ टक्के वेळ मोजणीने खावा, असा दुसरा नियम. १०,००० चे २५ टक्के म्हणजे २५००. तुझ्या यंत्रावर नमुना घेणाऱ्या इंटरप्टला लागलेल्या वेळाची सरासरी निघाली २५०३. तीन नॅनोसेकंद जास्त झाले म्हणून कर्नलने स्वतःचेच कान पिळले.

आता ७९७५०. कर्नल त्या २५०३ मध्ये सावधगिरी म्हणून त्याचा पाव भाग आणखी धरतं : २५०३ अधिक ६२५, झाले ३१२८. तुझ्या कर्नलचा टिक, म्हणजे ठरावीक अंतराने वाजणारी त्याची घंटा, सेकंदाला २५० वेळा पडत असणार. एका टिकचे ४० लाख नॅनोसेकंद, त्यातला पाव हिस्सा १० लाख. १० लाखांना ३१२८ ने भागलं की पूर्णांकात ३१९. गुणिले २५०. बघ किती येतात ते.

पर्फ चालवलं नाहीस तरी ओळ आली, कारण ते दुसरं कुणीतरी तुझ्यासाठी चालवतंय. प्रोसेसरचा एखादा कोअर पार गोठला तर ते कळावं म्हणून कर्नलमध्ये वॉचडॉग असतो, आणि तो प्रोसेसरचं एक मीटर वापरून अडवता न येणारा इंटरप्ट ठरावीक काळाने घेत राहतो. त्या इंटरप्टला लागणारा वेळही याच हिशेबात येतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये, यंत्रावर ताण असताना, ही ओळ सहज दिसते. ओळ एकदा-दोनदा आली तर सोडून दे. तासाला दहा वेळा येऊन मर्यादा पार हजार-दोन हजारांवर आली तर मला पुन्हा लिही, सोबत लॅपटॉपचं मॉडेल आणि कर्नलची आवृत्ती.

प्रश्न : 'पर्फ स्टॅट' या मोजणीच्या आज्ञेत कॅश-मिसच्या (माहिती कॅशमध्ये न सापडण्याच्या) आकड्यापुढे ६२.५० टक्के असं येतं. हे कशाचे टक्के? प्रबंधात कुठला आकडा द्यावा?
— संशोधक विद्यार्थिनी, बंगळूर

उत्तर : ते वेळेचे टक्के आहेत. तुम्ही मागितलेल्या गोष्टी जास्त आणि मीटर कमी, म्हणून कर्नल ते आळीपाळीने देतं. तुमचा प्रोग्रॅम १० सेकंद चालला, त्यातले सव्वासहा सेकंदच कॅश-मिसला मीटर मिळालं. तेवढ्या वेळात ५० लाख मोजले गेले असतील तर त्याला ०.६२५ ने भागून पडद्यावर ८० लाख छापले जातात. म्हणजे तुमच्याकडे मोजलेला आकडा नाही, अंदाज आहे. प्रोग्रॅम सुरुवातीला फाइल वाचतो आणि नंतर गणित करतो असा दोन तोंडांचा असेल तर अंदाज भलताच निघू शकतो.

एका वेळी तीन-चारच गोष्टी मागा आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवा. वरच्या उत्तरातला वॉचडॉग एक मीटर अडवून बसतो, प्रयोगापुरता तो बंद करा. टक्के दिसेनासे झाले की प्रबंधात घाला. आणि मार्गदर्शकांनी 'दशांशानंतर चार घरं द्या' म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा.

प्रश्न : तुम्ही मूळच्या इचलकरंजीच्या असं मागे एका अंकात वाचलं. आम्हीही तिथलेच. तुम्ही दर वेळी दुसऱ्यांच्या चुका रंगवून सांगता. तुमच्या स्वतःच्या हातून कर्नलमध्ये कधी माती खाल्ली गेली की नाही?
— एक माजी यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : खाल्ली, आणि पोटभर. तुम्ही यंत्रमागवाले आहात तर तुमच्याच भाषेत सांगते.

माझे वडील ज्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारे, होते तिथे मागांना पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) मोजायचे काउंटर लावलेले होते. पाच आकडी, पांढऱ्या चाकांवर काळे अंक. पाळी संपली की दिवाणजी वही घेऊन यायचे, आजच्या आकड्यातून कालचा वजा करायचे. ९९,९९९ नंतर काउंटर शून्यावर यायचा हे दिवाणजींना माहीत होतं. आजचा आकडा कालच्यापेक्षा लहान दिसला की ते एक लाख मिळवून वजाबाकी करायचे. इथवर ठीक.

आता मिनिटाला १२० पिक धरा. माग न थांबता चालला तर बारा तासांच्या पाळीचे ८६,४००. एकदा दिवाणजी आजारी पडले आणि एक नोंद राहिली. दोन पाळ्यांचे १,७२,८०० झाले. काउंटर अख्खा एक फेरा मारून कालच्या आकड्याच्याही पुढे निघून गेला. दिवाणजी आले, आजचा आकडा कालच्यापेक्षा मोठा बघितला, खुशाल वजाबाकी केली आणि वहीत लिहिलं ७२,८००. लाखभर पिक हवेत. त्या मागावरच्या कामगाराने घातलेला गोंधळ मला अजून आठवतो. मी तेव्हा सातवीत असेन, वडिलांचा डबा घेऊन गेले होते.

हे पाहिलेलं असूनही मी तीच चूक केली. २०११ च्या आसपासची गोष्ट. तेव्हाच्या आमच्या कंपनीत टीव्हीला जोडायच्या डब्यासाठी एआरएम जातीच्या प्रोसेसरचा एक बोर्ड होता. प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. मीटर ३२ बिटांचं. त्यात मावणारे आकडे किती? ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. जेमतेम ४.२९ सेकंदांत मीटर फेरा पुरा करतं. फेरा पुरा झाला की इंटरप्ट येतो, तो आमचा दिवाणजी. त्याने नवा आकडा वाचायचा, जुना वजा करायचा, फरक ६४ बिटांच्या मोठ्या वहीत मिळवायचा आणि मीटर पुन्हा लावून द्यायचं.

मीटर हाताळणारा कर्नलमधला कोड, म्हणजे ड्रायव्हर, आमचा घरचाच होता, बाहेरच्यावरून बेतलेला. त्यात मीटर लावताना एक गोष्ट केलेली : जास्तीत जास्त आकडा घेऊन तो उजवीकडे एक घर सरकवलेला, म्हणजे निम्मा केलेला. दोन कोनी कंस आणि एक. मला तो कंजूषपणा वाटला. ४२९ कोटींचं मीटर असताना २१४ कोटींवरच इंटरप्ट का घ्यायचा? उगाच दुप्पट इंटरप्ट! मी ते काढून टाकलं आणि शेऱ्यात ऐटीत लिहिलं, 'मीटरची पूर्ण क्षमता वापरली'.

आता बघा काय झालं. पूर्ण क्षमता वापरायची म्हणजे मीटर सुरू करायचं अगदी तळापासून, एक या आकड्यावरून. ते चढत चढत वर जातं, फेरा पुरा होऊन शून्यावर येतं आणि इंटरप्ट उठतो. दिवाणजी उठून, चपला घालून, मागापाशी पोचेपर्यंत काही शे ठोके सहज पडतात. मीटर तोवर शून्य, एक, दोन करत चारशे-पाचशेवर. जुना आकडा एक, नवा समजा पाचशे. वजाबाकी चारशे नव्व्याण्णव. ४२९ कोटी गायब आणि कुणाला पत्ता नाही.

निम्म्यावरून सुरू केलं असतं तर जुना आकडा २१४ कोटींच्या घरात असता. त्याला गाठायला मीटरला आणखी दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला असता. तेवढ्यात कसलाही आळशी दिवाणजी पोचतो. तो 'कंजूषपणा' म्हणजे दिवाणजीला चालत यायला ठेवलेली सवड होती.

आणि हे आम्हाला चार महिने कळलं नाही, कारण आमची चाचणी तीन सेकंदांची होती! मीटरचा फेराच पुरा व्हायचा नाही. आकडे चोख, मी खूष, साहेब खूष. मग दुसऱ्या टीममधल्या एका मुलीने आठ सेकंदांचा व्हिडिओ लावून मोजलं. व्हिडिओ अडखळत होता, आणि आमचं मोजमाप सांगत होतं की प्रोसेसर निम्म्याहून जास्त वेळ रिकामाच बसलेला. आठ सेकंदांचे ८०० कोटी ठोके यायला हवेत, येत होते ३७० कोटी. तिने मेल केली, मी उत्तर दिलं की तुमच्या बोर्डचा पॉवर-सेव्हिंग मोड चालू असेल. आठवडाभर आम्ही त्यावरून वाद घातला. आवाज माझा मोठा होता.

एका रविवारी स्वयंपाकघरात, वाटाणे सोलता सोलता, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर मी सहज ८०० कोटींतून तिचा आकडा वजा केला. उत्तर आलं ४२९ कोटी ४९ लाख आणि वर काही. पुढचे अंक थोडे इकडेतिकडे होते, पण ४२९४ हे चार अंक दिसले आणि हातातला वाटाणा खाली पडला. आमच्या धंद्यात ज्याला हा आकडा तोंडपाठ नाही असा माणूस सापडायचा नाही. आणि पाठोपाठ दिवाणजी आठवले, वही काखेत मारून आलेले.

सोमवारी ते दोन कोनी कंस आणि एक परत जागेवर घातले. या वेळी वर चार ओळींचा शेराही लिहिला, निम्मं का करायचं याचा. चाचणी तीस सेकंदांची केली. त्या मुलीला मेल केली, माफी मागितली. तिचं उत्तर दोन शब्दांचं होतं : 'पॉवर सेव्हिंग?'

थोडं समाधान एवढंच की मुख्य लिनक्सच्या एआरएम विभागातही नंतर याच जातीची चूक निघाली. तिथे साध्या मोजणीला निम्म्याची मर्यादा आधीपासून होती, पण नमुने घेताना कुणी फार मोठा टप्पा मागितला तर ती लागू होत नव्हती. दोन उपाय होते : फेरा पुरा झाल्याची खूण हा तेहतिसावा बिट समजायचा, किंवा सरळ निम्म्यावर थांबायचं. पहिला जास्त देखणा, पण किचकट. त्यांनी दुसरा घेतला. मी असते तरी तोच घेतला असता, अर्थात आता.

प्रश्न : मॅडम, पर्फच्या कोडमध्ये एका ठिकाणी चूक झाल्यावर फंक्शन मधूनच परत जातं, पण घेतलेली मेमरी सोडत नाही असं मला दिसलं. मी दुरुस्ती केली आहे. पाठवायची कशी? मेलचा मसुदा सोबत जोडला आहे.
— अभियांत्रिकी, तिसरं वर्ष, शेगाव

उत्तर : मसुदा वाचला, चूक खरी आहे. शाब्बास. पण आधी हे बघ की तू दुरुस्त केलेली फाइल 'टूल्स' या फोल्डरमधली आहे. पर्फचे दोन भाग आहेत. एक कर्नलच्या पोटातला, तो पीटर झाइल्स्ट्रा आणि मंडळी बघतात. दुसरा आपण टर्मिनलवर चालवतो तो प्रोग्रॅम, तो आर्नाल्डो कार्व्हाल्यो द मेलो वगैरे बघतात. तू पहिल्यांना लिहिलंयस. कर्नलच्या कोडबरोबरच एक स्क्रिप्ट येते, तिला पॅच (तुझ्या बदलाचा मजकूर) दाखवला की कुणाकुणाला पाठवायचं ती यादी देते. अंदाजाने पाठवू नकोस.

मेल साधी मजकुरी हवी. रंग, ठळक अक्षरं, जोडलेली फाइल काही नको, पॅच मेलच्या अंगातच. मोबाइलवरून तर मुळीच नको, टॅबच्या जागा मोडतात आणि पॅच लागत नाही. चूक कुठल्या बदलाने आली ते शोधून 'फिक्सेस' अशी ओळ दे, त्यात त्या बदलाच्या क्रमांकाची पहिली १२ अक्षरं. त्याखाली तुझी स्वतःच्या नावाची सही. पाठवण्याआधी 'पर्फ टेस्ट' चालव आणि तुझ्या बदलाआधी जे पास होत होतं ते अजूनही होतंय ना बघ. शेऱ्यात 'मेमरी लीक दुरुस्त केला' एवढंच लिहू नकोस; कुठल्या वाटेने गेलं की मेमरी राहते ते दोन वाक्यांत सांग.

आठवडाभर उत्तर आलं नाही तर रुसू नकोस, एक नम्र आठवण पाठव. 'हे असं नको, तसं कर' असं आलं तर ते कौतुकच समज. तसं कर आणि दुसरी आवृत्ती म्हणून पाठव.

आणि मसुद्याच्या सुरुवातीला तू 'आदरणीय सर, आपल्या चरणी सविनय' असं इंग्रजीत लिहिलंयस ना, ते सगळं काढ. पॅच पहिल्या ओळीपासून सुरू होऊ दे.